लिटरला सोळा!

"सोळा म्हणजे सोळाच!" बापूसाहेब ढमाल्यांनी बोनेटवर अशी थाप मारली की आरशावर बसलेली चिमणी भुर्रकन उडाली. "कंपनीनं छापून दिलंय, लिटरला सोळा किलोमीटर. आणि माझी गाडी देते सात! मग बाकीचं डिझेल पितं कोण? ड्रायव्हर!"

गाडी होती हत्तीएवढी. चारही चाकांना जोर, आत चढायला पायरी, पुढे लोखंडी गार्ड, टपावर कॅरिअर आणि एसी असा की उन्हाळ्यात शाल लागावी. बापूसाहेब खडकवण्याच्या दूध संघाचे चेअरमन. तालुक्यात त्यांच्या शब्दाला नाही म्हणायची हिंमत फक्त म्हशींमध्ये होती. त्या सोळापायी त्यांनी ड्रायव्हरमागून ड्रायव्हर काढले. शेवटचा गेनबा वाघचौरे. त्याला तर भर सभेत, माइकवरून 'डिझेलचोर' म्हणून हाकलला. तेव्हापासून गेनबाच्या हाती कुणी टमटमसुद्धा देईना. माणूस घराबाहेर पडेनासा झाला.

आज त्याच्या जागेवर काम मागायला त्याचीच लेक उभी होती. सुगंधा. पाण्याचा टँकर चालवणारी.

"बापानं सात काढले," बापूसाहेब म्हणाले. "तू शनिवारी सातघर गावचा फेरा मारून सोळा काढून दाखव. नाही निघाले तर तुझंही नाव माइकवरून!"

या गाडीनं सोळा देणं म्हणजे रेड्यानं धार देणं. पण सुगंधा शांतपणे म्हणाली, "निघतील की साहेब. फक्त ड्रायव्हर चोर नसला पाहिजे. बरोबर?"

"बरोबर!"

"ड्रायव्हर प्रामाणिक असला की सोळा पक्के?"

"लिहून देतो!"

"लिहून कशाला, सगळे ऐकतायत. मग असा माणूस अख्ख्या तालुक्यात एकच आहे, ज्याच्यावर कुणी डिझेलचोरीचा संशय घेणार नाही."

"कोण तो?"

"तुम्ही!"

आवारात दूध घालायला आलेली माणसं हसू दाबत एकमेकांकडे पाहू लागली. बापूसाहेबांची छाती मात्र दोन बोटं फुगली. "खरंय! मीच चालवतो. तू इथंच बसून बघ, सोळा कसे निघतात ते!"

शनिवारी सकाळी संघाच्या आवारातल्या पंपावर टाकी गळ्यापर्यंत भरली. झाकणाला कुलूप लागलं. किल्ली बापूसाहेबांनी स्वतःच्या खिशात घातली. मग धुरळा उडवत हत्ती निघाला.

सुगंधा पायरीवर बसून राहिली. चहा आला, तो गार झाला. आता तिला धास्ती वेगळीच होती. समजा, साहेब शहाण्यासारखे चालवून आले तर? एसी बंद, वेग बेताचा, वाटेत कुठे थांबणं नाही? दहा जरी निघाले, तरी तिच्या आबांच्या कपाळावरचा डाग पक्का झाला!

पण बापूसाहेब बापूसाहेबच होते.

उन्हं कलली तेव्हा गाडी परतली, ती चाकापासून टपापर्यंत चिखलानं माखलेली. दार उघडलं. आधी मेव्हणे उतरले. मग मेव्हण्यांचे दोन व्याही. मग पेंडीची पोती. आणि सर्वांत शेवटी, एसीत गारठलेला एक बोकड!

"नदीत घातली होती!" बापूसाहेब हात चोळत, खुशीत म्हणाले. "ब्रिजवरून काय कुणीही जातं. चारही चाकं लावली आणि सरळ पात्रातून वर! अख्खं सातघर काठावर उभं!"

"आणि भाषण केलंत का?" सुगंधानं अदबीनं विचारलं.

"केलं की. तासभर."

"गाडी बंद करून?"

"छे! बंद केली तर आतला गारवा जातो!"

कुलूप निघालं. पंपवाल्या दगडूनं टाकी पुन्हा गळ्यापर्यंत भरली, मीटर पाहिलं, मोबाइलवर भागाकार केला आणि मोबाइल पाठीमागे लपवला.

"बोल!"

"साहेब... साडेसहा."

बापूसाहेबांनी मोबाइल हिसकावला. स्वतः भागाकार केला. पुन्हा साडेसहा! मग मेव्हण्यांकडून करवून घेतला. तोच आकडा!

सुगंधा पुढे आली, हात जोडून उभी राहिली.

"साहेब, किल्ली दिवसभर कुणाच्या खिशात होती?"

"माझ्या."

"स्टेअरिंगवर कोण होतं?"

"मीच."

"माझे आबा सात काढायचे. तुम्ही साडेसहा काढलेत."

"मग?" बापूसाहेब गुरकावले.

"मग एवढंच विचारायचं होतं. सात काढणारा चोर, तर साडेसहावाल्याला आजच कामावरून काढायचं, की रीतसर सभा भरवून, माइकवरून?"

मेव्हणे बोकडाच्या आड झाले. दगडूनं डोळे मिटून घेतले. बापूसाहेबांचा चेहरा आधी लाल झाला, मग जांभळा, आणि मग त्यांच्या पोटातून असं हसू फुटलं की ते गाडीच्या पायरीवरच बसले! "पोरी, पोरी! मला माझ्याच आवारात चोर ठरवलंस गं!"

हसू ओसरल्यावर ते उठले, सभेचा माइक गाडीत घातला आणि थेट गेनबाच्या गल्लीत गेले. मागून सगळं आवार. गल्लीभर आवाज घुमला, "गेनबा वाघचौरे चोर नाही! त्याला चोर म्हणणारा मी, आणि माझी गाडी साडेसहा देते!"

त्या दिवसापासून संघाच्या सगळ्या गाड्यांचा कारभार सुगंधाच्या हाती आला. गेनबाला जुनी जागा पुन्हा मिळाली. किल्ली घेताना त्यानं डोळे पुसले आणि जरा भीतभीतच विचारलं, "साहेब, आता ॲव्हरेज किती काढू?"

"माझ्यापेक्षा जास्त काढू नकोस म्हणजे झालं!" बापूसाहेब म्हणाले, आणि पुन्हा पोट धरून हसत सुटले.