ओट्यावरची लाल पानं

नाताळात येशूजन्माच्या देखाव्याचा गोठा खऱ्या गवताने शाकारत, तेव्हाची गोष्ट. वसईच्या ब्रिजीतबायच्या ओट्यावर, गोठ्याशेजारी, पॉइन्सेटियाची कुंडी होती. सण जवळ आला तशी तिची वरची पानं लाल झाली. येणारा प्रत्येक पाहुणा म्हणायचा, "काय सुंदर फुलं आहेत." पानांनी ते खरं मानलं.

खालची हिरवी पानं म्हणाली, "अरे, तुम्हीही पानंच आहात. झाडासाठी थोडं अन्न तुम्हीही शिजवा."

"फुलं कधी चुलीपाशी बसतात का?" लाल पानांनी विचारलं.

हिरवी पानं सगळ्यांसाठी राबत राहिली.

जानेवारीत तीन राजांचा सण झाला, नाताळ संपला, गोठा उतरवला आणि लाल पानं एकेक करून गळली.

ब्रिजीतबाय सुनेला म्हणाली, "फुलं गेली. आता नुसती पानंच उरलीत. टाकून दे ती कुंडी."