तानूचा दुखरा अंगठा

टेकडीच्या पायथ्याशी, मोगऱ्याच्या मळ्याला लागून एक इवलीशी झोपडी होती. तिथे आठ वर्षांची मंजुळा, तिची आई आणि तेरा महिन्यांची तानू राहत. बाबा देवाघरी गेलेले. आई पहाटे कळ्या खुडायची, दिवसभर गजरे ओवायची, तरी कधीकधी चुलीवर नुसती पेज शिजायची. तानूला सांभाळायचं काम मंजुळाचं. ती ते जीव लावून करायची.

एकदा मळ्याच्या मालकीणबाईंनी आपल्या नातीचे जुने बूट दिले. लालचुटुक, चंदेरी बकलांचे! पण ते तानूला घट्ट व्हायचे. मंजुळाला तर ते सगळ्यांना दाखवायची केवढी हौस! आई मळ्यात गेल्यावर तिने कात्री घेतली, तानूच्या अंगठ्यांची नखं कोपऱ्यांसकट मुळापर्यंत गोल कापली आणि दाबून दाबून बूट चढवले. तानू रडली.

"थांब गं सोनुले, थोडाच वेळ!" मंजुळा म्हणाली. असं चार दिवस चाललं.

पाचव्या दिवशी तानूचा उजवा अंगठा लालभडक सुजला. नखाचा कोपरा मांसात रुतला होता. भिंतीला धरून नुकती चालायला लागलेली तानू पाय टेकेनाशी झाली.

आई घाबरली. तानूला रोज तेल लावायला येणाऱ्या पारूमावशींवरच ती उखडली. "मावशी, तुम्हीच जोरात बोट ओढलंत ना?"

"नाही गं बाई, मी कशाला ओढीन?"

"उद्यापासून येऊ नका."

पारूमावशींनी तेलाची वाटी उचलली आणि पदराने डोळे पुसत त्या निघून गेल्या. मंजुळा दाराआड उभी होती. 'मी केलं' हे दोन शब्द तिच्या ओठांपर्यंत आले आणि परत फिरले. तिचे कान तापले. तानू तिच्याकडे हात पसरून हसली, तेव्हा तर कुठे तोंड लपवू असं तिला झालं.

ती मळ्यात धावली आणि झुडपांत बसून हुंदके देऊ लागली. तेवढ्यात एक टपोरी कळी हळूच उमलली. आतून बोटभर उंचीची परी बाहेर आली. पंख दवासारखे लुकलुकणारे, झगा पोपटी, केसांत सोनेरी परागकण.

"काय हवंय तुला, बाळ? एकच मागणं माग."

मंजुळा घाईने म्हणाली, "मी केलं हे कुणालाच कळू नये!"

परीचे पंख एकदम राखाडी झाले. "लपवण्यासाठी मागितलेलं मला देता येत नाही, राजा. ज्याला दुखलंय त्याच्यासमोर मागायचं. आणि काय घडलं ते सगळं सांगून मागायचं. हाच नियम."

"आई मला वाईट म्हणेल."

"म्हणेलही कदाचित," परी हळुवारपणे म्हणाली. "मी तुझ्या खांद्यावर बसते. चल."

मंजुळा घरी गेली. मान खाली घालून तिने सगळं सांगितलं. बूट, कात्री, चार दिवस. "पारूमावशींनी काही नाही केलं. मीच केलं. परी, माझ्या तानूला बरं कर!"

आईने मंजुळाला जवळ ओढलं. "तू चुकलीस. पण मी तर त्या माउलीचं न ऐकताच तिला हाकललं. मलाच आता लाज वाटतेय."

परीचे पंख पुन्हा झळाळले. तिने पाण्याच्या घंगाळाला बोट लावलं. पाणी कोमट झालं आणि तसंच राहिलं. "मागणं दिलं. पण ते तुझ्या हातांनी पुरं होईल, मंजुळा. दिवसातून तीन-चारदा पाय यात बुडव, नीट कोरडा कर. सुजलेली कातडी नखापासून अलगद मागे सार. पाय मोकळा ठेव, नख खोदू नकोस. पुढे ते वाढलं की सरळ काप, कोपरे ठेव. पू दिसला, ताप आला किंवा सूज वाढली, तर दवाखाना गाठायचा."

तानूला कडेवर घेऊन दोघी तडक पारूमावशींकडे गेल्या. मंजुळाने त्यांचे पाय धरले, आपली चूक सांगितली आणि तानूचा पाय बुडवायला घरी कोमट पाणी ठेवलंय, तेही सांगितलं. आईला रडूच आवरेना. मावशी म्हणाल्या, "उठा गं. पोरीचं पाणी निवेल ना तिकडे!" पाणी निवणारं नव्हतं, हे त्यांना कुठे ठाऊक!

रोज मंजुळा तानूचा चिमुकला पाय मांडीवर घ्यायची. तानू कुरकुरली, तरी मंजुळा उठायची नाही. दिवसांमागून दिवस गेले. सूज ओसरली, लाली गेली, नखाचा कोपरा वर आला.

एका सोनेरी सकाळी तानू भिंत सोडून टुणकन उभी राहिली आणि तीन पावलं चालून मंजुळाच्या कुशीत कोसळली. मंजुळाची मान अजूनही खाली होती. पारूमावशींनी तिची हनुवटी उचलली आणि तेलाची वाटी तिच्या हातात दिली. "आज तू लाव तेल. तुझा हात आता हळुवार झालाय."

दारातल्या मोगऱ्याच्या वाळक्या झुडपावर परी बसली होती. तिने टाळी वाजवली आणि फांदीफांदीवर कळ्याच कळ्या लगडल्या. त्या झुडपाला पुढे बारा महिने बहर राहिला, आणि त्या घरात पुन्हा नुसत्या पेजेवर दिवस काढावा लागला नाही.

"परी, थांब ना!" परी निघालेली पाहून मंजुळा ओरडली.

परी हसली. तिचे पंख उजळत गेले, इतके की डोळे दिपले. प्रकाश ओसरला तेव्हा झुडपावर कुणीच नव्हतं.