खारीचा राहून गेलेला अर्ज

सागाच्या एका जंगलात, ओढ्याच्या अलीकडे, एक खार राहत असे. वनराजाच्या दरबारात लहान प्राण्यांच्या वतीने बोलणारं कुणीच नव्हतं. त्यांची बाजू न ऐकताच निकाल लागायचा. एकदा खारीच्या आईची ढोली अशीच एका घुबडाला मिळाली. तेव्हापासून, बाळांनो, खारीला एकच ध्यास लागला, आपण वकील व्हायचं.

वडाखाली वकिलीची शाळा होती. तिथे आधी परीक्षा, मग अर्ज, आणि दोन्हींची फी वेगवेगळी. खारीने पावसाळ्यासाठी साठवलेल्या शेंगा परीक्षेलाच देऊन टाकल्या आणि अर्धपोटी राहून अभ्यास केला. पहिली आली हो! पण अर्ज भरायला गेली, तर खिडकीतला कावळा म्हणाला, "आता आणखी चाळीस शेंगा." घरी तर नुसती टरफलं उरली होती.

"काय खारूताई, संपल्या वाटतं शेंगा?" कावळ्याने विचारलं.

खारीने शेपटी फुलवली. "संपतील कशाला? भरपूर आहेत. माझंच मन उडालंय आता." एवढं बोलून ती वळली, आणि झाडाआड जाऊन पोटभर रडली.

शाळा सुरू झाली. खार लांबून बघायची. एक दिवस रांगेत तिला ससा दिसला. त्याचं बीळ तर तिच्या घराहून रिकामं! "सशा, चाळीस शेंगा कुठून आणल्यास रे?"

"कुठून आणणार? कावळेकाकांना म्हटलं, माझ्याकडे काही नाही. ते म्हणाले, मग तुला फी माफ."

खार धावतच खिडकीशी गेली. "काका, माफी असते हे मला का नाही सांगितलंत?"

"अगं, तूच म्हणालीस ना, भरपूर आहेत म्हणून? आणि विचारेल त्यालाच सांगायचं, अशी इथली रीत."

"मग आता भरू अर्ज?"

कावळ्याने मान खाली घातली. "आता पुढच्या वर्षी, बाळ."

आत मुलं धडा म्हणत होती. खार दाराबाहेर उभी राहून त्यांच्याबरोबर हळूच ओठ हलवू लागली. कावळ्याला ते बघवेना. तो उडून वडाच्या शेंड्यावर बसला आणि येणाऱ्याजाणाऱ्याला ओरडून सांगू लागला, "ज्याच्याकडे काही नाही, त्याला फी माफ!" खारीने ते ऐकलं. पण वर्ष फार लांब होतं.

तात्पर्य एवढंच, बाळांनो : शिकायची ओढ असेल, तर आपली अडचण सांगायला लाजू नये, आणि ज्याच्या हाती सवलत आहे, त्याने कुणी विचारायची वाट पाहू नये.