भिवाचं लाकूड

शके सतराशे एकोणसत्तर, चैत्र वद्य पंचमी. ऊन भाजत होतं. त्या दिवशी शेवरवाडीत एक पाळणा टांगला गेला. तुम्ही ज्या तळ्याच्या काठी उभे आहात, त्याची गोष्ट त्या पाळण्यापासून सुरू होते.

तळ्यात ओंडके दिसतात ते फणसाचे. टाकून दिलेले नाहीत. तीन पावसाळे लाकूड पाण्याखाली राहिलं की त्याचा चीक निघतो. मग फळ्या पाडून सावलीत दोन वर्षं रचायच्या. त्याआधी त्याला हत्यार लावायचं नाही. प्रत्येक ओंडक्यावर घराची खूण असते. दुसऱ्याच्या खुणेला हात लावायचा नाही. हा नियम तेव्हाही होता. तो मोडला माझ्याच घराण्यातल्या माणसाने. मी लपवत नाही.

त्याचं नाव रवळू सुतार. त्याच्यासारखा सांधा तालुक्यात कुणी बसवत नव्हता, असं सांगतात. एका लाकडाच्या टोकाला कुसू काढायचं, दुसऱ्यात भोक पाडायचं, एक दुसऱ्यात ठोकायचं. बाकीचे सुतार वरून आडवी खुंटी मारत. रवळू मारत नसे. त्याचा तो तोरा होता.

भिवा नावाच्या खलाशाने लग्नाच्या वर्षीच पाळण्यासाठी ओंडका टाकला होता. तो मुरला, त्याच्या फळ्या रवळूच्या पडवीत वाळल्या. मग भिवा खाडीत बुडाला. बायको अनशी तेव्हा पोटुशी होती.

त्याच वेळी खोताला झोपाळा हवा होता, तोही पाडव्याच्या आत. रवळूकडे वाळलेलं लाकूड तेवढंच होतं. त्याने भिवाच्या फळ्या झोपाळ्याला लावल्या. अनशीला मुलगा झाला, बाराव्या दिवशी बारसं ठरलं. तेव्हा रवळूने ताजा फणस तोडून पाळणा केला.

ओल्या लाकडात कुसू घट्ट बसतं. इतकं घट्ट, की करणाराही फसतो.

बारशाच्या दिवशी अनशीने चौकट हाताने चाचपली. "रवळूदादा, खुंटी नाही कुठे?"

"खुंट्या नवशिक्यांना लागतात."

"अगो, पोर मांजराएवढं," शेजारीण हसली, "त्याला खुंटी कशाला? कान टोचायला?"

सगळ्या हसल्या. रवळूही हसला, म्हणे.

वैशाखात लाकूड आटलं. एका दुपारी अनशी विहिरीवर गेली होती. कुसू भोकातून सुटलं, चौकट उघडली. खाली दगडी जातं होतं.

पोराला पुरून लोक परतले तेव्हा रवळू अनशीच्या दारात उभा राहिला. "लाकूड ओलं होतं. भिवाचं मी खोताला दिलं."

अनशी म्हणाली, "पोर मागत नाही. ते तुझ्या हातात नाही. माझ्या घोवाचं लाकूड तेवढं परत दे. पाळणा करूनच दे."

रवळू खोताकडे गेला. खोत झोपाळ्यावर पान खात होता. "बसलेल्या माणसाला उठवायला आलास? जा, डोंगरात फणस थोडे आहेत?"

रवळूने फणस तोडला, त्यावर भिवाची खूण कोरली आणि तो या तळ्यात टाकला. तिसऱ्या वर्षी पाऊस झाला नाही. तळं आटलं, ओंडका उन्हात उभा चिरला. दुसरा टाकला. तो तीन पावसाळे नीट मुरला, पण सावलीत रचल्यावर भुंग्याने आतून पोखरला. तिसरा टाकला. मधल्या वर्षांत रवळूने नांगरांशिवाय काही केलं नाही. त्याच्याकडे पाळणा मागायला कुणी आलंही नाही. अनशीने दुसरा घरोबा केला नाही. तिच्या माजघराच्या तुळईला पाळण्याच्या कड्या तशाच लोंबत होत्या.

शके सतराशे पंच्याऐंशी, कार्तिक. रवळू पाळणा डोक्यावर घेऊन आला. दोघांचेही केस पिकले होते. प्रत्येक सांध्यात खुंटी होती. त्याने तो त्याच कड्यांना टांगला. मग जात्याची खालची तळी उचलून पाळण्यात ठेवली आणि सकाळपासून दिवेलागणीपर्यंत झोके दिले. अनशी उंबऱ्यावर बसून बघत होती. पाळणा करकरला नाही.

आजही शेवरवाडीत नव्या पाळण्यात आधी जात्याची तळी झोपवतात. बाप दिवसभर झोके देतो, सुतार समोर बसतो. सांधा बोलला तर पाळणा परत जातो, मग बारसं लांबलं तरी चालतं. आजही या तळ्यातून ओंडका काढताना खूण मोठ्याने वाचतात आणि त्या घरातल्या माणसाने ओ दिल्याशिवाय तो वर ओढत नाहीत.

त्या दिवशी दिवे लागल्यावर रवळूने तळी उचलून खाली ठेवली. अनशी उठली. तिने रिकाम्या पाळण्याला एकदा हात लावला.

"भिवाचं लाकूड पोचलं," ती म्हणाली.

रवळूने हत्यारं गोळा केली आणि तो घरी गेला.