अर्ध्या गोष्टीचा कातळ

या, इथे उभे राहा. चपला काढायची गरज नाही, हे देऊळ नव्हे. पायाखाली कोरलेली दिसतात ती कबुतरं. नऊ आहेत, मोजून घ्या. त्यांच्यावर चौकड्या चौकड्यांचं जाळं, आणि खाली सात ओळी अक्षरं. तुम्ही एवढी गाडी करून आलात ती हजारो वर्षांपूर्वीची चित्रं बघायला, ठाऊक आहे मला. ती पलीकडच्या सड्यावर, म्हणजे त्या उघड्या कातळमाळावर आहेत, दाखवतो. पण निवेळीत आलेल्या माणसाला आधी हा कातळ दाखवायचा, ही इथली रीत.

सातव्या ओळीशी गोष्ट थांबते. 'कबुतरे जाळ्यात अडकली. पारधी जवळ येऊ लागला.' बस. पुढचा भाग त्या करवंदीच्या झुडपांमागे, साठ-सत्तर पावलांवर, दुसऱ्या कातळावर कोरलाय. चार ओळी आहेत. त्यांत काय आहे ते मी सांगणार नाही. तुम्ही लहानपणी शंभरदा ऐकलं असेल, तरी माझ्या तोंडून नाही. निवेळीत गोष्टीचा शेवट तोंडी सांगत नाहीत. तो वाचायचा असतो.

मी गंगाराम रावणंग. बत्तीस वर्षं या भागात टपाल वाटलं. आसपासच्या गावांत बायका पाकीट परत माझ्याच हातात द्यायच्या, 'वाचून दाखवा हो' म्हणायच्या. मुंबईच्या नवऱ्याने काय लिहिलंय ते बायकोच्या आधी मला कळायचं आणि मलाच लाजायला व्हायचं. निवेळीत हे कधी झालं नाही. इथल्या म्हाताऱ्यासुद्धा पत्र हिसकावून घ्यायच्या आणि मला ओसरीवरून हाकलायच्या. चहा मात्र द्यायच्या. आज कोणी पत्रच लिहीत नाही, त्यामुळे ती हाकलणीही गेली. मला तिची फार आठवण येते.

हे कशामुळे, ते ऐका.

शंभर वर्षं तरी झाली असतील. खाडीपलीकडून अनंत तोरसकर नावाचे मास्तर इथे आले. शाळा म्हणजे एका गोठ्याची पडवी. मुलं सगळी गुरांमागे सड्यावर. मास्तर मोठे हुशार. मुलं शाळेत येत नाहीत तर शाळाच सड्यावर नेली. गुरं चरायची, मुलं कातळावर बसायची आणि मास्तर गोष्टी सांगायचे. तहानलेला कावळा, सिंह आणि उंदीर, माकड आणि मगर. असं सांगतात की मास्तर मगर झाले की गुरंसुद्धा चरायची थांबून बघायची. आता गुरांचं काय खरं आणि काय खोटं, पण मुलं येऊ लागली एवढं नक्की.

वर्ष गेलं आणि मास्तरांच्या लक्षात आलं की गोष्टी सगळ्यांना पाठ, अक्षर एकाला येत नाही. गोष्ट ऐकायला चाळीस, पाटी धरायला तीन. पाटी काढा म्हटलं की प्रत्येकाची गाय नेमकी तेव्हाच उधळायची. मास्तर चिडले. साधी माणसं चिडली की काहीतरी मोठं करून बसतात. ते गेले जाखमातेच्या देवळात, गावाला बोलावलं, देवीपुढे नारळ ठेवला आणि बोलले, की आजपासून या गावात गोष्टीचा शेवट मी तोंडाने सांगणार नाही. लिहून ठेवीन. ज्याला हवा त्याने वाचावा. मुलांकडूनही नारळावर हात ठेवून शब्द घेतला. ज्याने वाचला त्याने दुसऱ्याला सांगायचा नाही.

मग त्यांनी छिन्नी-हातोडी घेतली आणि ही कबुतरं कोरली. अर्धी गोष्ट इथे, शेवट तिकडे.

इथे आमच्या लोकांची एक चूक झाली. देवीपुढे कोणी शब्द दिला की गुरव गाऱ्हाणं, म्हणजे देवीला विनवणी, घालताना 'दुखणंबाणं वगळून' असं जोडतो. उपास असो, वारी असो, अबोला असो, दुखण्याला सूट असतेच. त्या दिवशी गुरव ते जोडायचा राहिला. मास्तर परगावचे, त्यांना ही पद्धत माहीत नव्हती. आणि गावाला वाटलं, पोरांच्या गोष्टीत कसलं आलंय दुखणं? नारळ ठेवून दिलेला शब्द आमच्याकडे माघारी घेता येत नाही, तो असा बिनसवलतीचा राहिला.

युक्ती मात्र लागू पडली. कबुतरांचं काय झालं या काळजीने मुलं अक्षरं गिरवू लागली. एकेक जण करवंदीमागे जायचा आणि मोठा शहाणा चेहरा करून परत यायचा. बाकीचे त्याच्यामागे लागायचे, तो ओठ घट्ट मिटून घ्यायचा. नियम पाळण्यात मुलं मोठ्यांपेक्षा फार कडक असतात.

त्या मुलांत एक होती आवडी. आठ-नऊ वर्षांची, दोन गाई राखायची. आई भागीरथी, गाव तिला भागू म्हणायचं. बाप बोटीवर गेला तो परत आला नव्हता, मायलेकी दोघीच. आवडी रोज घरी येऊन आईला कबुतरांची अर्धी गोष्ट सांगायची. भागू भात कांडत असायची आणि पोरीच्या गोष्टीवर मुसळाचा ठेका पडायचा. सातही ओळी भागूला तोंडपाठ झाल्या होत्या. पण आवडीला अक्षरं जुळायला लागली, चार दिवसांत शेवट वाचेल असं मास्तर म्हणाले, आणि तिला ताप भरला.

ताप उतरेना. वैद्याने काढा दिला आणि मान हलवली. पोर ग्लानीत पडून एकच विचारायचं, 'आये, कबुतरं सुटली का गो?'

भागू म्हणायची, 'सुटली गो बाय.'

'कशी?'

भागू घराबाहेर पडली. तिने शेजारच्या मुलांना विचारलं. ती रडकुंडीला आली, पण बोलली नाहीत. मास्तरांना कळलं तेव्हा त्यांनी पाटीवर शेवट लिहून पाठवला. पोरीला डोळे उघडवेनात, घरात दुसरं कोणी वाचणारं नाही. भागू ती पाटी पदरात धरून तशीच सड्यावर आली.

'मास्तर, पोर तापानं फणफणलंय. शेवट इचारतंय. तुमी सांगा, मी जाऊन सांगते.'

 मास्तर तिथूनच देवळात धावले, गुरवाकडून कौल लावून घेतला, शब्द मोकळा कर म्हणून देवीला विनवलं. देवीने कौल दिला नाही. पुन्हा लावला, पुन्हा नाही. परत आले तेव्हा भागू होती तिथेच उभी.

'मला सांगता येत नाही हो,' मास्तर म्हणाले.

भागू जे बोलली ते मी सगळं सांगत नाही, पाहुण्यांत बायामाणसं आहेत. शेवटी म्हणाली, 'माजं पोर चाललंय आणि तुमी नारळ सांभाळताव? आग लागो त्या शिक्षणाला!'

मास्तर खाली मान घालून ऐकून घेत होते. मग हळूच म्हणाले, 'भागीरथीबाई, शेवट नाही सांगता येत. पण अक्षर कुठलं ते सांगायला मला कोणी बंदी केलेली नाही. तुम्ही नारळावर हात ठेवलेला नाही. तुम्ही वाचा आणि पोरीला वाचून दाखवा.'

'मी?'

'गोष्ट तुम्हाला पाठ आहे ना? म्हणा. मी बोट ठेवतो.'

भागूने रागातच म्हणायला सुरुवात केली आणि मास्तर इथे, या सात ओळींवर, शब्दामागून शब्द बोट फिरवत गेले. कान ओळखत होता ते डोळ्याला दाखवत गेले. हे कबुतर. हे पुन्हा कबुतर. जाळे इथे, झाड तिथे. मग एकेक अक्षर सुटं केलं. शेवटच्या चार ओळींतली बहुतेक अक्षरं या सात ओळींत आहेत. आता तुम्ही म्हणाल मास्तरांनी मुद्दाम तशी बेतली असतील. असतीलही.

तीन दिवस भागू सकाळ-संध्याकाळ आली. इथून घर अर्ध्या कोसावर. पोरीला पेज पाजायची, शेजारणीला बसवायची, सडा चढायची. उन्हाने कातळ तापलेला, त्यावर ही बसून राहायची. मास्तरांनी त्या तीन दिवसांत अन्न घेतलं नाही असं सांगतात. पोर गेलं असतं तर तो माणूस इथे राहिला नसता, बहुतेक कुठेच राहिला नसता.

तिसऱ्या दिवशी उन्हं कलताना भागू करवंदीमागे एकटी गेली. बराच वेळ आली नाही. आली ती थांबली नाही, मास्तरांकडे बघितलंही नाही, पाटी घेऊन उतारावरून पळत सुटली.

घरी जाऊन पोरीच्या उशाशी बसली आणि बोट ठेवून वाचू लागली. एक शब्द वाचायचा, थांबायचं, दुसरा जुळवायचा. चार ओळींना दिवा लावायची वेळ झाली. शेजारीण दारात पदर तोंडाला लावून उभी होती, हे सगळं तिनेच पुढे सांगितलं. चौथी ओळ संपली तेव्हा आवडीने डोळे उघडले. कबुतरांचं तिने नावही काढलं नाही. आईकडे बघत राहिली आणि म्हणाली, 'आये, तुला वाचता येतंय?'

भागू तेव्हा पहिल्यांदा रडली.

पहाटे ताप उतरला. त्यात काढ्याचा किती वाटा आणि गोष्टीचा किती, हे वैद्याला विचारायचं राहून गेलं. चार दिवसांनी मास्तर घरी आले, उंबऱ्याबाहेर उभे राहून म्हणाले, मी गाव सोडून जातो, माझ्या हट्टापायी तुमची पोर जायची होती. भागू म्हणाली, 'गप बसा. उद्या माज्यासंगती आनिक दोगी येतील. त्यांना बी अक्षर दावा.' मास्तर मरेपर्यंत निवेळीत राहिले.

आजही जूनमध्ये पहिलीत जाणारं प्रत्येक मूल या कातळावर येतं. गुरुजी सात ओळी सांगतात. मग आई मुलाला हाताला धरून करवंदीमागे नेते आणि शेवट वाचून दाखवते. आईनेच वाचायचा. अक्षरं झिजू नयेत म्हणून मे महिन्यात आम्ही छिन्नी फिरवतो, तो काही चमत्कार नव्हे. शाळेत आता सातच मुलं. मोबाइल दोन मिनिटांत अख्खी गोष्ट शेवटासकट दाखवतो. मला वाटलं होतं, आता हे आमच्याबरोबर संपणार.

गेल्या जूनमध्ये पलीकडच्या चिऱ्याच्या खाणीवरची यल्लव्वा तिच्या लेकीला घेऊन आली. विजापूरकडची बाई, दिवसभर चिरे उचलायची, मराठी तोडकंमोडकं आणि अक्षर कुठलंच नाही. गुरुजी म्हणाले, तुमच्याऐवजी दुसरी कोणी वाचेल, चालेल. तिने नाही म्हणून मान हलवली. पाच दिवस काम सुटल्यावर ती इथे येत होती. बोट ठेवायला मी होतो. सहाव्या दिवशी ती लेकीला घेऊन करवंदीमागे गेली. मी इथेच उभा राहिलो. तिकडून तिचा आवाज आला, एकेक शब्द जुळवत. चौथी ओळ संपली, आणि पोरगी कन्नडमध्ये मोठ्याने काहीतरी बोलली. मला कन्नड येत नाही. पण ती काय म्हणाली ते मला कळलं.