माघारी न आलेली दवंडी

फार वर्षं झाली, बोरखडीला तेव्हा धड गाडीवाटसुद्धा नव्हती. त्या काळी गावात तायाप्पा नावाचा हलगीवाला होता. पाटील सांगे आणि तायाप्पा चौकाचौकांत हलगी वाजवून दवंडी देई. आवाज असा, की शिवारं ओलांडून पलीकडच्या गावांतही ऐकू जाई, असं म्हणतात. शब्द पाटलाचे, तोंड तायाप्पाचं. आपण काय बोलतो याचा विचार करायची वेळ त्याच्यावर कधी आली नव्हती.

एका उन्हाळ्यात पटकीची साथ आली. घरटी माणूस गेलं. माणसं भ्याली की त्यांना कुणाच्या तरी डोक्यावर खापर फोडायचं असतं. त्यांनी गोजरा सुईणीला धरलं. म्हणे, तिनंच विहिरीत काहीतरी कालवलं. अर्ध्या गावाची नाळ त्या म्हातारीनं कापलेली, तायाप्पाच्या लेकींचीसुद्धा. तरी पाटलानं सांगितलं आणि तायाप्पानं दवंडी दिली, "ऐका हो ऐका, गोजरेला कुणी पाणी देऊ नका, दारात उभं करू नका." तिच्या घरासमोर हलगी जरा हळू वाजवली, एवढीच काय ती त्याची माणुसकी. म्हातारीनं काठी घेतली आणि गाव सोडलं.

दुसऱ्या दिवशी विहिरीत कुजलेलं वासरू सापडलं, पाटलाच्याच गोठ्यातलं. पाटील खाली मान घालून म्हणाला, "तायाप्पा, दवंडी माघारी घे. आणि म्हातारीला घेऊन ये."

तायाप्पा पळत सुटला. दर गावाच्या वेशीत हलगी बडवून ओरडला, "कालचं खोटं होतं, गोजरेला पाणी द्या!" लोक म्हणाले, "काल तुझाच आवाज ऐकला आम्ही. आता कुठलं खरं धरायचं?" एक बाई तर म्हणाली, "आत्ताच येऊन गेली रे बाबा. घोटभर मागत होती. तुझं ऐकूनच मी दार लावलं."

गोजरा पुढच्या गावाच्या विहिरीवर सापडली. तिनं स्वतः पाणी ओढू नये म्हणून लोकांनी रहाटाचा दोर काढून नेला होता. तायाप्पानं धोतर फाडून दोर केला, पाणी काढलं, तिच्या तोंडात सोडलं. ते गालावरून ओघळून मातीत गेलं. म्हातारीचा जीव आधीच गेला होता.

तायाप्पा घरी आलाच नाही. झाडाझुडपांना, दगडधोंड्यांना तीच माघारीची दवंडी देत रानोमाळ हिंडला. हलगीचं कातडं फाटलं तेव्हा छाती बडवू लागला, आणि छातीतून हलगीचाच आवाज निघे, असं म्हणतात. एक दिवस तो आवाजही थांबला. गोजरा काही परत आली नाही.

बोरखडीत आजही कुणाविरुद्ध चारचौघांत बोलायचं असेल, मग ते पंचांपुढे असो की लाऊडस्पीकरवर, तर आधी त्याच्या घरी जावं लागतं. त्याच्या हातचं तांब्याभर पाणी प्यायचं आणि काय बोलायचं ते तिथंच, त्याच्या तोंडावर बोलून दाखवायचं. ह्याला तायाप्पाचं पाणी म्हणतात. पुष्कळ जण पाणी पितात, तांब्या खाली ठेवतात आणि काही न बोलता घरी येतात.