फॅमिलीतली वाटणी

फराळाच्या कारखान्याचे मालक मोकाशीशेठ पुण्याला कसलंसं शिबिर करून आले, ते इंग्रजी शब्दांची पोतडी घेऊनच. ऐन दिवाळीत बायकांनी ओव्हरटाइम मागितला, तर म्हणाले, "आता तुम्ही वर्कर नाही, फॅमिली! फॅमिलीत कुणी ओव्हरटाइम मागतं का?"

बायका पुन्हा कामाला लागल्या. चकलीवरच्या द्वारकाबाईंनी मात्र पदराला हात पुसले.

"खरंय भाऊजी. घरात पटेनासं झालं की ओव्हरटाइम नाही, वाटणी मागतात. चकलीचं मशीन माझ्या वाट्याला लावा, शेड या जावांच्या."

शेठ ताडकन उठले. "अहो बाई, तुम्ही वर्कर आहात, वर्कर!"

"हां, आता कसं बोललात शेठ! मग काढा ओव्हरटाइम."

शनिवारी सगळ्यांना ओव्हरटाइम मिळाला. फॅमिली हा शब्द शेठ तेव्हापासून घरीच ठेवून येतात.